गेम खेळताना कॉम्प्युटर बंद पडतो? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

दिवसभर ब्राउझर, एक्सेल, पिक्चर सगळं सुरळीत चालतं आणि गेम लावून वीस मिनिटं होतात न होतात तोच मशीन बंद पडतं. माझ्या भाच्याच्या मशीनला हेच झालं, तेव्हा दुकानातून 'ग्राफिक्स कार्ड गेलंय' असं उत्तर मिळालं. नवीन कार्डासाठी पैसेही जमवले होते. दोष निघाला केबल जोडण्याच्या पद्धतीत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, खर्च करण्याआधी दोन संध्याकाळी तपासणीला द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी तो कशाचा होता हे कळत नाही.

सगळ्यात आधी मशीन नेमकं कसं बंद पडतं ते बघा. प्लग उपटल्यासारखं क्षणात सगळं गेलं, तर संशय वीजपुरवठ्यावर. स्क्रीन काळा झाला पण पंखे जोरात फिरतायत आणि आवाजही येतोय, तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. निळा स्क्रीन आला तर रॅम, ड्रायव्हर किंवा प्रोसेसर. नुसता गेम मिटून डेस्कटॉप दिसला, तर आधी स्टीममध्ये (गेम विकत घेऊन चालवायचं अ‍ॅप) गेमच्या फाइल्स व्हेरिफाय करून घ्या, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे.

मग स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा आणि विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम उघडून मशीन बंद पडलं त्या वेळच्या नोंदी वाचा. 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक लगेच पॉवर सप्लायला, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला, दोष देतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर शटडाऊन न होता बंद झालं. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' मात्र गांभीर्याने घ्या, तिथे हार्डवेअरनेच चूक कळवलेली असते. 'डिस्प्ले ४१०१' म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं.

आता उष्णता. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर लावा आणि गेम सुरू करण्याआधी त्यात लॉगिंग चालू करा, म्हणजे बंद पडण्याच्या क्षणापर्यंतचे आकडे फाइलमध्ये राहतात. ग्राफिक्स कार्ड ८०-८५ अंशांवर गेलं म्हणून घाबरू नका. हल्लीचे प्रोसेसर आणि कार्डं फार तापली तर आधी वेग कमी करतात, बंद पडण्याची वेळ नंतर येते. तरी मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर खोली नेहमीपेक्षा जेवढी जास्त तापलीय, जवळपास तेवढेच आतले आकडेही वर सरकतात. कॅबिनेटची बाजूची झाकणी काढून तोच गेम खेळा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं, तर हवा खेळत नाहीये. धूळ काढताना मशीन बंद करून प्लग काढा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ वीजपुरवठ्याला द्या, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. ग्राफिक्स कार्डाला वीज देणाऱ्या ८ पिनच्या एका जोडणीसाठी ठरलेली मर्यादा १५० वॉट, आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात ७५ वॉट. कार्डावर अशा दोन जोडण्या असतील तर पॉवर सप्लायपासून दोन वेगवेगळ्या केबल आणा. एकाच केबलची दोन तोंडं जोडली, तर सगळा भार त्या एकाच केबलवर पडतो. माझ्या भाच्याकडे हेच झालं होतं. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांसाठी लिहिलेल्या वॉटपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, आणि कमकुवत पॉवर सप्लाय तेवढ्यात स्वतःला वाचवायला बंद होतो. तपासायचं कसं? आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि गेमच्या फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा. बंद पडणं थांबलं, तर पॉवर सप्लाय किंवा कार्ड या दोघांवरच लक्ष ठेवा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे यूपीएस. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. मॉनिटर, प्रोसेसर आणि कार्ड मिळून त्यापुढे सहज जातात. चाचणीपुरता यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा.

अजूनही बंद पडतंय? बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा. गेम थोडा मंदावेल, पण त्याने मशीन टिकलं तर दोषी सापडला. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तरी ती रॅम नापास, मग एकेक पट्टी लावून बघा. ड्रायव्हरचा संशय असेल तर इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) वापरून जुना ड्रायव्हर पुसा आणि आधीच उतरवून ठेवलेला ताजा टाका.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय७, आय९ असेल आणि भरपूर व्हिडिओ मेमरी असूनही गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणत असेल, तर ग्राफिक्स कार्डाला हात लावू नका. या पिढ्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि ऑगस्टपासून सुधारित मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, दिला. तो मदरबोर्डच्या नव्या बायोसमधून मिळतो. झालेली झीज मात्र त्याने भरून येत नाही. बायोस टाकूनही त्रास राहिला तर खरेदीचं बिल शोधून काढा, कारण बॉक्समध्ये मिळालेल्या या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवून ५ वर्षांची केलेली आहे.