सर्व्हर अधूनमधून झोपतो? या चुका टाळा

"सर, सर्व्हर परत झोपला बघा."

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसमधून हा फोन मला आठवड्यातून दोन-तीनदा यायचा. शाहूपुरीतून गाडी काढायची, तावडे हॉटेलच्या चौकातली ट्रकांची गर्दी पार करायची, आणि मी दारात पोचलो की फाइली फटाफट उघडायला लागलेल्या असायच्या. "आत्ताच सुधारला की," म्हणत चहा पुढं यायचा. झोपला म्हणजे मंदावला. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली साठवणारा ऑफिसचा मुख्य कॉम्प्युटर, साफ बंद पडला तर दोष तासाभरात सापडतो. हा येऊन-जाऊन असणारा ताप वाईट. डॉक्टरसमोर अंग गार, घरी गेलं की थंडी वाजून येते.

मालकांनी तोवर नव्या सर्व्हरचं कोटेशनही मागवलं होतं. मी म्हटलं, आठवडाभर थांबा.

सगळ्यात मोठी चूक: रीस्टार्ट

सर्व्हर मंदावला की ऑफिसातला एखादा उत्साही भाऊ जाऊन बटण दाबतो. सगळ्यांच्या उघड्या फाइली तुटतात, अडकलेलं काम सुटतं, दहा मिनिटांनी बरं वाटतं आणि "रीस्टार्टनं जातंय" हे डोक्यात पक्कं बसतं. पण कोण काय उघडून बसलं होतं, डिस्कवर किती काम तुंबलं होतं, हे त्या बटणाबरोबर पुसलं जातं. वर रॅममध्ये साठलेला कॅशही (हाताशी ठेवलेल्या फाइलींच्या प्रती) रिकामा होतो, त्यामुळं पुढचा काही वेळ प्रत्येक फाईल डिस्कवरूनच वाचावी लागते.

बटणाऐवजी मी तिथं एक शंभर पानी वही ठेवली. तीन रकाने: वेळ, कोण, कुठली फाईल. वेळ मिनिटासकट लिहायची, "जेवणाच्या आधी" असं चालणार नाही. मालक हसले. "सर, तुम्ही कॉम्प्युटरवाले की हजेरीवाले?"

सहा दिवसांत १९ नोंदी झाल्या. त्यातल्या ११ दुपारी १२ ते साडेबाराच्या मधल्या, सगळ्या टेबलांवरच्या. उरलेल्या ८ कुठल्याही वेळेच्या, पण आठही क्वालिटीच्या खोलीतल्या तीन मशिनांच्या. म्हणजे दुखणी दोन होती आणि नाव एकच पडलं होतं: "सर्व्हर स्लो आहे." यातलं एक दुरुस्त केलं असतं, तरी दुसऱ्यामुळं फोन येतच राहिला असता आणि माझी दुरुस्ती फुकट गेली असं सगळ्यांना वाटलं असतं. मलाही.

बाराचं गणित

वहीत आणखी एक गोष्ट होती. शनिवारी ऑफिस चालू होतं, पण बाराची एकही नोंद नव्हती. तिथंच ट्यूब पेटली. विंडोज सर्व्हरवर शेअरसाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या फोल्डरसाठी, शॅडो कॉपी (फाइलींची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) चालू केली, की एक वेळापत्रक आपोआप लागतं: सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२. कुणीतरी कधीतरी ती चालू केली होती, वेळ तशीच ठेवून.

शॅडो कॉपी घेणं हे काम तसं काही सेकंदांचं. खरा भार नंतर येतो. कॉपी झाल्यावर डिस्कवरचा एखादा ब्लॉक (डेटाचा छोटा तुकडा) पहिल्यांदा बदलायचा असेल, तर आधी त्यातला जुना मजकूर उचलून बाजूच्या जागेत ठेवावा लागतो, मग नवा लिहिता येतो. एका लिहिण्याची तीन कामं होतात. ती बाजूची जागा त्याच फिरत्या डिस्कवर असेल, तर डिस्कचं हेड इकडून तिकडं धावतच राहतं. आणि या ऑफिसात साडेबाराला जेवणाची सुट्टी. त्याआधी प्रत्येक जण आपापलं ड्रॉइंग सेव्ह करून उठणार. बरोबर नको त्या वेळी गर्दी.

उपाय साधा होता: दुपारची वेळ १२ वरून संध्याकाळी ७ केली आणि शॅडो कॉपीची जागा दुसऱ्या डिस्कवर हलवली. जागा हलवताना आधीच्या शॅडो कॉपी जातात, तेव्हा पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि "कटकट नको" म्हणून शॅडो कॉपी कायमची बंद करू नका. चुकून पुसलेलं ड्रॉइंग परत मिळतं ते तिच्यामुळंच.

११ वर चिकटलेला आकडा

क्वालिटीच्या तिन्ही मशिनी टेबलाखालच्या आठ पोर्टांच्या स्विचवर (नेटवर्कच्या केबली जोडायच्या डब्यावर) होत्या. एका मशिनवरून मोठी फाईल कॉपी करायला लावली आणि विंडोजची कॉपीची खिडकी बघत बसलो. सेकंदाला ११० एमबीच्या आसपास चाललेला आकडा मधेच शून्यावर आला, दोन-तीन सेकंद थांबला आणि मग ११ वर जाऊन चिकटला.

हा ११ लक्षात ठेवा. गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, लिंक (दोन उपकरणांमधला जोड) धड असेल आणि डिस्क साथ देत असेल तर ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो. ११-१२ वर अडकला म्हणजे वाटेत कुठंतरी लिंक १०० एमबीपीएसवर उतरला आहे (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट). गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखाद्या जोडीचा संपर्क सुटला की बरीच उपकरणं मुकाट्यानं खालच्या वेगावर येतात. नेट चालतं, पिंग (जोडणी तपासायचा छोटा संदेश) चालतो, दिवा लुकलुकतो, त्यामुळं कुणाला शंकाही येत नाही.

मुख्य स्विचकडून येणारी केबल टेबलाच्या पायाशी दुमडली होती. कनेक्टर काढला तर पिनांवर फौंड्रीच्या धुळीचा काळा थर. खुर्ची मागं सरकली की संपर्क सुटायचा. नवा कनेक्टर क्रिंप केला, केबल भिंतीच्या पट्टीत घातली. त्या खोलीचं दुखणं तिथंच संपलं.

शाहूपुरीत हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुंभार गल्लीच्या बाजूला तळमजल्यांत पाणी शिरलं. फर्निचर बदललं, रंग काढला, पण जमिनीलगतचे नेटवर्कचे सॉकेट पुसून तेच ठेवलेले असतात. आत पिनांवर हिरवट थर असतो. असा सॉकेट दिसला की मी तपासत बसत नाही, बदलूनच टाकतो.

याच्या जोडीची चूक म्हणजे लिंक सारखा उतरतो म्हणून एका टोकाला वेग हातानं "१०० फुल डुप्लेक्स" असा बांधून ठेवणं. फुल म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी, हाफ म्हणजे पाळीपाळीनं. दुसरं टोक ऑटोवर (वेग आपोआप ठरवण्यावर) राहिलं तर ते हाफ डुप्लेक्स धरतं, आणि मग छोटा पिंग छान जातो पण मोठी फाईल रडत रडत जाते. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा आणि केबल दुरुस्त करा.

एका मोठ्या फाईलनं फसू नका

११ चा आकडा केबलचा दोष दाखवतो, पण ११० दिसला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. एक मोठी फाईल सलग वाचताना साधी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला दीडशे एमबी देते. तीच ७२०० आरपीएमची डिस्क इकडचे-तिकडचे छोटे तुकडे वाचायला लागली की सेकंदाला शंभराच्या आतबाहेर कामं उरकते, जास्त नाही. अकाउंटिंगचा डेटा, शेकडो छोट्या फाइलींचे फोल्डर हा दुसरा प्रकार. म्हणून मंदावल्याच्या क्षणी सर्व्हरवर रिसोर्स मॉनिटर (विंडोजमधलंच तपासणीचं साधन) उघडून डिस्कचा रिस्पॉन्स टाइम बघा. तो बराच वेळ २०-२५ मिलिसेकंदांच्या वर असेल तर नेटवर्कच्या मागं लागू नका, डिस्ककडं जा.

डिस्क मरायला टेकली तरी आधी अशीच अधूनमधून अडकते. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) १९७ क्रमांकाचा, पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्याच्या वर चढत असेल तर डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कच्या साटा केबलचा. पैसे वाचवायला रेडमध्ये (अनेक डिस्का जोडून केलेल्या मांडणीत) डेस्कटॉपची डिस्क घालणं मला अजिबात पटत नाही. खराब सेक्टर आला की ती तो वाचायचा हट्ट मिनिटभरसुद्धा धरू शकते आणि तेवढा वेळ अख्खं ऑफिस थांबतं. नॅसची (नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या डब्याची) डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते, मग रेड दुसऱ्या डिस्कवरून काम भागवतं.

बाकीच्या चुका झटपट. चहानंतरची पहिली फाईल उघडायला दहा-पंधरा सेकंद लागत असतील तर नॅसच्या डिस्का झोपी जात आहेत, ती सेटिंग बंद करा. अँटिव्हायरसचं फुल स्कॅन कामाच्या वेळेत नको. विंडोज १० किंवा ११ च्या साध्या पीसीलाच सर्व्हर केलं असेल तर एका वेळी २० च जोडण्या मिळतात, एकविसावा माणूस बाहेर. आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाईल शेअरवर ठेवू नका, मायक्रोसॉफ्ट स्वतःच नको म्हणतं. लॅपटॉपला केबल लावूनही तो वाय-फायवर नाही ना, बघा. सीसीटीव्हीचे सोळा कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसनं धरले तर ६४ होतात. गिगाबिटला ते काहीच नाही, पण वाटेत एक जुना १०० चा स्विच असेल तर अर्ध्याहून जास्त रस्ता त्यांनीच अडवला. आणि रेड कार्डाची बॅटरी कमजोर झाली की कार्ड राइट कॅश (लिहायचा डेटा आधी मेमरीत धरायची सोय) बंद करतं, लिहिणं एकदम मंदावतं. हे कार्डाच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, पण तो लॉग उघडतो कोण?

शिरोलीच्या मालकांचं कोटेशन अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. नवा सर्व्हर घ्यावा लागेलही, पण वहीत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सगळीकडून नोंदी पडायला लागतील तेव्हा. तोवर मी त्यांना ड्रॉइंगच्या शेअरसाठी दोन एसएसडी (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्का) घ्यायला लावल्या आहेत, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. आणि वही खिळ्याला टांगलेली आहे.