कंसातले दोन आकडे: स्वतः बांधलेलं लिनक्स सुरू होत नाही तेव्हा

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच किंवा जेंटूच्या वाटेने, म्हणजे सोर्स कोड कंपाइल करून, स्वतःची सिस्टिम बांधणाऱ्याला कधी ना कधी ही ओळ दिसतेच: 'कर्नल पॅनिक, व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक'. म्हणजे कर्नल, सिस्टिमचा गाभा, रूट (सिस्टिमच्या मुख्य फाइली असलेलं पार्टिशन) उघडू शकलं नाही आणि थांबलं. ती ओळ मलाही दिसली. पावसाळा होता, कॉलेजला सुट्टी होती आणि मालवणच्या घरी जुन्या लॅपटॉपवर माझं पहिलं कर्नल तयार झालं होतं. ती ओळ वाचून मी घाबरलो आणि सगळं पुसून पुन्हा कंपाइल करायला घेतलं. असं चार दिवस केलं. ओळीच्या शेवटी कंसात दोन आकडे असतात, ते मी वाचलेच नव्हते.

नवीन माणसाने सगळ्यात आधी ते आकडे वाचावेत. कंसात ०,० असेल तर रूटची डिस्कच कर्नलला सापडलेली नाही. एकतर डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, नाहीतर बूटलोडरमधल्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधल्या) 'रूट=' पुढचा पत्ता त्याला कळत नाही. इथे पुष्कळ जण फसतात. रूटचा पत्ता यूयूआयडीने (फाइलसिस्टिमच्या ओळख-क्रमांकाने) दिला तर तो शोधण्याचं काम इनिटरॅमएफएस (कर्नलबरोबर मेमरीत येणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) करतं. एकट्या कर्नलला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) कळतो, यूयूआयडी नाही. कंसात ८,२ असेल तर गोष्ट वेगळी. ८ म्हणजे एसडी जातीची डिस्क, २ म्हणजे तिचं दुसरं पार्टिशन. डिस्क सापडली आहे, पण तिच्यावरची फाइलसिस्टिम वाचता येत नाही. माझ्याकडे ८,२ होतं. मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलच्या पर्यायांच्या यादीत, मी एक्स्ट४ या माझ्या फाइलसिस्टिमसमोर 'वाय' (कर्नलमध्येच बांधा) ऐवजी 'एम' (वेगळं मॉड्यूल, म्हणजे नंतर भरायची फाइल) ठेवलं होतं. म्हणजे डिस्क वाचायचं मॉड्यूल त्याच डिस्कवर ठेवलं होतं, पेटीची किल्ली पेटीतच. 'वाय' केलं आणि पुढच्याच बूटला लॉगिन आलं.

अशा वेळी दुसरा मार्ग इनिटरॅमएफएसचा. आमचे आजोबा मुंबईहून बोटीने यायचे तेव्हाच्या गोष्टी सांगत. कोकणातल्या बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची, मग पडाव यायचा आणि माणसं-सामान किनाऱ्याला न्यायचा. इनिटरॅमएफएस म्हणजे तो पडाव. बूटलोडर कर्नलबरोबर एक छोटं सीपीआयओ आर्काइव्ह (फाइलींचं गाठोडं) मेमरीत आणून ठेवतो. कर्नल ते उलगडतं आणि त्यातला 'इनिट' हा पहिला प्रोग्राम चालवतं. तो लागणारी मॉड्यूल्स भरतो, खरी डिस्क माउंट करतो आणि 'स्विच रूट' करून बाजूला होतो. ड्रॅकट किंवा एमकेइनिटसीपीआयओ ही साधनं ते आर्काइव्ह आपोआप बनवून देतात. तरी एकदा ते हाताने बांधून बघाच, असं मी आग्रहाने सांगेन. बिझीबॉक्स (नेहमीच्या लिनक्स आज्ञा एकाच छोट्या प्रोग्राममध्ये) आणि वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट एवढ्यावर ते उभं राहतं.

माझं हाताने बांधलेलं पहिलं आर्काइव्ह मात्र चाललं नाही. पडद्यावर आलं: 'फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट (एरर -२)'. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. आर्काइव्हची यादी काढली तर इनिट समोर दिसत होता, आणि परवानगीही बरोबर होती. परवानगी चुकली असती तर आकडा -१३ आला असता. रात्री साडेअकरापर्यंत मी ती यादी वरखाली करत होतो. लाइट गेली तेव्हा आजी आतून म्हणाली, "आता झोप रे झिला, सकाळी बघ."

सकाळी बिझीबॉक्सवर एलडीडी (प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघितलं आणि उलगडा झाला. माझा बिझीबॉक्स स्टॅटिक, म्हणजे लागणारं सगळं स्वतःतच असलेला, नव्हता. त्याला सुरू व्हायला लोडर आणि सी लायब्ररी लागत होती, आणि त्या दोन्ही मी आर्काइव्हमध्ये घातल्या नव्हत्या. न सापडलेली फाइल इनिट नव्हती, इनिट ज्याच्या जोरावर चालतो ती होती. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) लिहिलं आणि आर्काइव्हमध्ये बॅश नसलं तरी हाच -२ येतो. बिझीबॉक्स स्टॅटिक बांधला आणि काम झालं.

पॅनिकची शेवटची ओळ बहुतेक वेळा परिणाम सांगते, कारण चार-पाच ओळी वर असतं. म्हणून बूटलोडरमधून 'क्वाएट' (बूटच्या ओळी लपवणारा शब्द) काढून टाका आणि मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ घ्या. एकदा मला तेच जुनं पॅनिक आलं, पण व्हिडिओत वर एक ओळ सापडली: 'इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड'. इनिटरॅमएफएसची इमेज बूट पार्टिशनवर कॉपी केल्या केल्या वीज गेली होती आणि फाइल अर्धवट राहिली होती. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे कॉपी झाली की 'सिंक' देणं (मेमरीतलं डिस्कवर उतरवणं) आणि फाइलचा आकार बघणं ही सवय तेव्हापासून लागली. कंपाइल चालू असताना वीज गेली तर फारसं बिघडत नाही, 'मेक' पुन्हा दिलं की राहिलेलं काम पुढे सुरू होतं. शून्य आकाराची एखादी ऑब्जेक्ट फाइल उरली तर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) अडतो. तेवढी फाइल उडवायची.

आता मॉड्यूल्सबद्दल. घरात रेंज फक्त माळ्यावर, म्हणून मी फोन यूएसबीने जोडून नेट वापरायचो. कर्नल लहान करायला मी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवलं. त्या क्षणी जी मॉड्यूल्स भरलेली असतात तेवढीच ते ठेवतं. फोन तेव्हा माळ्यावर होता. नवीन कर्नल उत्तम चाललं, पण नेट नाही, कारण माझ्या फोनला लागणारं आरएनडीआयएस होस्ट मॉड्यूल गळलं होतं. ही आज्ञा देण्याआधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, फोन, जे जे वापरता ते सगळं एकदा जोडून घ्या.

ते मॉड्यूल घालून पुन्हा कंपाइल केलं, तर मॉडप्रोब (मॉड्यूल भरणारी आज्ञा) म्हणायला लागलं की मॉड्यूल फोल्डरमध्ये नाही. मी कर्नलच्या नावापुढे नवं शेपूट लावलं होतं, 'मॉड्यूल्स इन्स्टॉल'ही केलं होतं, पण बूट पार्टिशनवर इमेज जुनीच राहिली होती. 'यूनेम -आर' (चालू कर्नलचं नाव सांगणारी आज्ञा) एक नाव सांगत होतं आणि /लिब/मॉड्यूल्समध्ये मी दुसऱ्याच नावाच्या फोल्डरमध्ये शोधत होतो. कर्नल इमेज, इनिटरॅमएफएस आणि मॉड्यूल्सचं फोल्डर, तिघांतलं आवृत्तीचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. इनसमॉडने (मॉड्यूलची फाइल थेट भरणाऱ्या आज्ञेने) जबरदस्ती करू नका, 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' एवढंच उत्तर मिळेल. फाइल हाताने कॉपी केली असेल तर डेपमॉड (मॉड्यूल्सची यादी नव्याने बनवणारी आज्ञा) चालवायला विसरू नका.

पुढे छोट्या उपकरणांसाठी लिनक्स तयार करण्याचं काम मिळालं, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याने क्यूईएमयू (संगणकातच दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) दाखवलं. कर्नल आणि इनिटरॅमएफएस दोन्ही त्याला थेट देता येतात, आणि कन्सोल सीरियलवर वळवला की पॅनिकच्या वरच्या सगळ्या ओळी टर्मिनलमध्ये शांतपणे वाचता येतात. खऱ्या डिस्कचा ड्रायव्हर तिथे तपासता येत नाही, पण -२ सारखी चूक दोन मिनिटांत कळते. ते आधी माहीत असतं तर माझी ती रात्र वाचली असती.

आणि ग्रब या बूटलोडरमधली चालत्या कर्नलची नोंद कधीही पुसू नका. नवीन कर्नल नेहमी वेगळ्या नावाने, जुन्याच्या शेजारी. माझ्या लॅपटॉपवर त्या पावसाळ्यातलं, एक्स्ट४ 'वाय' केलेलं कर्नल अजून यादीत शेवटी आहे.