मिरगाच्या आधी पोफळींवर बोर्डो

श्रीवर्धनकडे मिरग लागायच्या आत वाडीतलं एक काम उरकावंच लागतं: पोफळीच्या घोसांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मारणं. सुपारी गळवणारा कोळेरोग शिरला की हिरव्या सुपाऱ्या देठाच्या बाजूने काळपट, पाणी भरल्यासारख्या दिसतात आणि गळायला लागतात. गळलेल्या सुपारीवर पांढरी लव धरते. त्या सुपारीला मग कुठलाही फवारा वाचवत नाही. २०२० च्या निसर्ग वादळानंतर लावलेल्या पोफळी आता धरायला लागल्यात, त्यामुळे मुंबईहून येऊन-जाऊन वाडी बघणारी आमच्याकडची पुष्कळ मंडळी कृती विचारतात. ती सविस्तर लिहिते.

शंभर लिटरसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) एक किलो आणि कळीचा चुना एक किलो. चुना खड्यांचाच घ्या, पाणी शिंपडल्यावर फसफसून तापणारा. उघडा राहून पीठ झालेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन खडूसारखा निकामी झालेला असतो, तो स्वस्त मिळाला तरी नको.

मोरचूद फडक्यात सैल बांधून, पन्नास लिटर पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिंपात वरच्या बाजूला रात्रभर टांगून ठेवा. विरघळलेलं जड पाणी आपोआप खाली बसतं आणि पुरचुंडीला ताजं पाणी मिळत राहतं. तळाशी टाकलेला मोरचूद मात्र ढवळून हात दुखले तरी विरघळत नाही. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात वापरायचं नाही. सकाळी दुसऱ्या पिंपात चुना थोड्या थोड्या पाण्याने विरवा, निवू द्या, पाणी पन्नास लिटरपर्यंत न्या आणि फडक्यातून गाळा. चुना डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे घालूनच.

आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने ओता आणि दुसऱ्याने लाकडी काठीने ढवळत राहायचं. उलट करू नका, कण भरड होतात आणि घोसावर धरत नाहीत. नीट जमलं की रंग सुरेख आकाशी येतो.

पण रंगावर भरवसा नको. घासून लख्ख केलेलं कोयत्याचं पातं मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस पुट चढलं तर मोकळं तांबं शिल्लक आहे: लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याच्या जागी तांबं पात्यावर बसतं. असं मिश्रण कोवळ्या घोसांना जाळतं. चुन्याची निवळ घालत जा आणि पातं स्वच्छ राहीपर्यंत पुन्हा पुन्हा बघा. एवढी एक गोष्ट पाळलीत तर बाकी थोडंफार इकडेतिकडे झालेलं चालतं.

मोरचुदात तांबं जेमतेम पाव हिस्सा असतं, म्हणजे शंभर लिटरमागे पाव किलो. चुन्यामुळे ते न विरघळणाऱ्या कणांच्या रूपात घोसाला चिकटून राहतं आणि ओल मिळाली की अगदी किंचित सुटतं. कोळेरोगाचा फायटोफ्थोरा काटेकोरपणे बघितलं तर बुरशीही नाही, शैवालांच्या गोतावळ्यातला जीव आहे. पावसात त्याचे शेपटीवाले बीजाणू सुपारीवरच्या पाण्यात पोहत येतात आणि ते सुटं तांबं शोषून घेतात. आत गेलेलं तांबं त्यांच्या विकरांमधल्या (एन्झाइममधल्या) गंधकाच्या जागा धरून बसतं. एकाच वेळी अनेक विकरं बंद पडल्यावर बीजाणू रुजणार कसा? एकाच ठिकाणी मारा करणाऱ्या मेटॅलॅक्झिलसारख्या औषधाला हे जीव लवकर सरावतात. तांब्याला सरावणं त्यांना फार अवघड जातं. मात्र तांबं सुपारीच्या आत शिरत नाही, ते फक्त दारावर पहारा देतं, म्हणून ते पावसाआधीच बसायला हवं.

ही युक्ती मूळची फ्रान्समधल्या बोर्डो भागातली. चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेलींची पानं केवडा रोगातून वाचलेली वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांना दिसली आणि १८८५ मध्ये त्यांनी मिश्रणाची कृती जाहीर केली. पुढे म्हैसूर संस्थानात शेतीशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी ती कोळेरोगावर लागू केली. आपल्याकडे पोफळीला अजूनही तीच चालते.

फवारा मेअखेर, कोरड्या दिवशी, घोस सगळ्या बाजूंनी न्हाऊन निघेल असा. झाड ओलं असताना कुणाला वर चढवू नका. लांब काठीचा पंप भाड्याने आणा. दुसरा हात चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, जुलैतली उघडीप साधून. मधल्या काळात गळलेल्या सुपाऱ्या वेचून वाडीबाहेर न्यायच्या, नाहीतर रोगाचं बियाणं तिथेच राहतं. तांबं कुजत नाही, मातीत साठत जातं आणि पाण्यात गेलं तर मासे मारतं. पिंपं विहिरीजवळ किंवा पऱ्ह्यावर धुवू नका, आणि उगाच चौथा-पाचवा हातही नको.

मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. शिळ्याचे कण मोठे होतात आणि चिकटत नाहीत. दोन-चार झाडंच असतील तर दहा लिटरला मोरचूद शंभर ग्रॅम, चुना शंभर ग्रॅम, आणि कोयत्याची परीक्षा तिथेही करायचीच.