टायगरवरची कुऱ्हाड, फावडं आणि पहार

दुसऱ्या महायुद्धातल्या टायगर १ या जर्मन रणगाड्याच्या १/३५ स्केलच्या मॉडेलवरची अवजारं रंगवली, पण दांडे काही केल्या लाकडाचे वाटेनात. सपाट तपकिरी रंग आणि पात्यांना चकचकीत चंदेरी, त्यामुळे सगळं खेळण्यातलं दिसत होतं.

उपाय सापडला तो ऑइल पेंटमध्ये. दांड्यांना आधी फिकट बदामी ॲक्रिलिक दिला आणि पूर्ण वाळू दिला. त्यावर बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी ऑइल पेंटचा पातळ थर लावला. थोडा वेळ थांबून जवळजवळ कोरड्या, चपट्या ब्रशने तो दांड्याच्या लांबीच्याच दिशेने ओढत काढला. ब्रशचे केस जिथून जातात तिथे खालचा बदामी उघडा पडतो आणि रेषे आपोआप उमटतात. ऑइल सावकाश वाळतं, म्हणून मनासारखं होईपर्यंत पुसता येतं. पुसायला वापरलेल्या व्हाइट स्पिरिटने (ऑइल पेंट पातळ करायचा द्रव) खालच्या वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लागत नाही. प्रत्येक दांड्याची छटा मात्र थोडी वेगळी ठेवाच. घणाचा दांडा मी मुद्दाम गडद केला, हाताळून काळवंडलेला.

लोखंडाला चंदेरी नकोच. काळपट राखाडी रंग द्यायचा, वाळला की ६बी पेन्सिलीचं शिसं बोटाने फक्त कडांवर घासायचं. कुऱ्हाडीची धार आणि पहारेचं टोक एवढंच चमकलं पाहिजे.

अवजारं धरून ठेवणारे क्लॅम्प रणगाड्याच्याच रंगात. फेब्रुवारी १९४३ नंतरचा टायगर असेल तर गडद पिवळा. जॅकखालच्या लाकडी ठोकळ्याच्या टोकांना रेषे ओढू नका, तिथे बारीक ठिपके शोभतात.