उठावाचा अंदाज बांधताना या चुका टाळा: गाझा १९८७, इराण १९७८

८ डिसेंबर १९८७ रोजी गाझाच्या वेशीवर एका इस्रायली वाहनाने मजुरांच्या गाड्यांना धडक दिली आणि चार पॅलेस्टिनी मेले. दोन दिवसांपूर्वी गाझात एका इस्रायलीचा भोसकून खून झाला होता. त्याचाच हा सूड, अशी अफवा पसरली. दुसऱ्या दिवशी गाझातली जबालिया ही निर्वासितांची छावणी पेटली. नेहमीची दंगल आहे, शमेल, असे समजून संरक्षणमंत्री यित्झाक राबिन ठरलेल्या अमेरिका दौऱ्यावर गेलेही. पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा हा उठाव, मात्र वर्षानुवर्षे चालला.

संघटना मोजल्या, समाज राहिला. शिन बेट या इस्रायलच्या अंतर्गत सुरक्षा यंत्रणेचे खबरी जाळे दाट होते, पण त्याचा रोख शस्त्रे आणि टोळ्यांवर. लष्करी गुप्तवार्ता खात्याचे लक्ष अरब फौजांकडे. परवाने, कर, वसाहतींसाठी गेलेली जमीन यांवरून इस्रायलमध्ये कामाला जाणारे मजूर काय बोलतात, हे कोणाच्याच मुख्य कामात बसत नव्हते.

हुकूम कोणाचा, हे शोधत बसू नका. राबिन यांनी सुरुवातीला इराण आणि सीरियाकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात ट्यूनिसमध्ये बसलेले पीएलओ या पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचे नेतेही चकित झाले होते. उठावाच्या संयुक्त नेतृत्वाची पत्रके जानेवारी १९८८ मध्ये निघू लागली, म्हणजे आधी रस्ता, मग नेतृत्व. हुकूमच नसेल तर तो टिपणार कसा?

खोटे ठरू न शकणारे गृहीतक सर्वांत घातक. ऑगस्ट १९७८ मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या मते इराणमध्ये क्रांतीच काय, क्रांतिपूर्व स्थितीही नव्हती. प्रकरण गंभीर झाले तर इराणचे राजे शाह बळ वापरून मोडून काढतील, हा त्यामागचा आधार. मग शाह हात आखडता घेतात, याचाच अर्थ गंभीर काही नाही, असा लावला गेला. या गृहीतकाला तडा जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. १६ जानेवारी १९७९ रोजी शाह देश सोडून गेले.

म्हणून अंदाज लिहितानाच तो कशाने मोडेल हेही लिहा: तिसऱ्या दिवशी शेजारचे गाव रस्त्यावर उतरले, दुकानदार किंवा बायका सामील झाल्या, संचारबंदी उठताच गर्दी परतली, तर अंदाज रद्द. पहिल्या आठवड्यात तो रोज नव्याने तपासा.

ठिणगीची तारीख मागू नका. अपघात कोणाला सांगता येणार? गवत किती वाळले आहे, ते विचारा. त्यासाठी छावणीनिहाय नोंदवही ठेवा: निदर्शने किती, दोहोंतले अंतर घटते का, अटकेनंतर जमाव पांगतो की वाढतो. आणि ही वही लिहिणारा माणूस टोळ्यांच्या मागावर असलेल्यांपैकी नसावा.