शोधगंगेवरचा मराठी प्रबंध सहा इंची किंडलवर कसा वाचावा

शोधगंगा म्हणजे भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ठेवलेले संकेतस्थळ, आणि किंडल म्हणजे अ‍ॅमेझॉनचे ई-पुस्तके वाचायचे उपकरण. शोधगंगेवर प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते. हवी तेवढी प्रकरणे उतरवून घ्या आणि फाइलींना ओळखू येतील अशी नावे द्या.

‘किंडलला मेल करताना विषयात कन्व्हर्ट लिहा, झालं’ असा सल्ला नेहमी मिळतो. तसे लिहिले की पीडीएफमधला मजकूर काढून त्याचे किंडलच्या पुस्तकात रूपांतर होते. मराठीसाठी हा सल्ला ऐकू नका. आधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. रोमन अक्षरांचा गिचमिडा आला, तर मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या जुन्या फॉन्टमधला आहे. रूपांतर केले तर किंडलवरही तोच गिचमिडा दिसेल. ओळ निवडताच आली नाही, तर ते स्कॅन, म्हणजे पानाचे नुसते चित्र आहे. देवनागरी आली तरी वेलांट्या आणि जोडाक्षरे नीट तपासा, बऱ्याचदा ती तुटलेली असतात. म्हणून मराठी पीडीएफचे रूपांतर करूच नये. पान आहे तसे ठेवून फक्त समास कापावेत.

समास कापण्याचे कारण साधे आहे. ए-४ पान 210 मिलिमीटर रुंद, तर सहा इंची पडदा जेमतेम 91. त्यामुळे 14 पॉइंटांचे अक्षर 6 पॉइंटांचे होते. पडदा आडवा धरला की 122 मिलिमीटर मिळतात. डावा दीड इंच आणि उजवा एक इंच समास कापला, तर तेच अक्षर साडेअकरा पॉइंटांपर्यंत जाते. डोळ्यांना एवढे पुरते.

यासाठी के-टू-पीडीएफ-ऑप्ट (k2pdfopt) हे मोफत साधन वापरा. विंडोजवर फाइल त्यात ओढून टाका, उपकरण निवडा आणि मोड ‘फिट विड्थ’ ठेवा. ‘डिफॉल्ट’ नको, तो ओळी तोडून नव्याने रचतो आणि तक्ते विस्कटतात.

खरी अडचण स्कॅनमध्ये येते. झेरॉक्सच्या काळ्या कडांना हे साधन मजकूर समजते, मग समास कापलाच जात नाही आणि अक्षर बारीकच राहते. अशा वेळी ‘क्रॉप मार्जिन’मध्ये चारही बाजूंचे आकडे स्वतः भरा. अर्ध्या इंचापासून सुरुवात करून थोडे थोडे वाढवा. बांधणीकडची बाजू सम-विषम पानांवर बदलत असेल, तर दोन्हींत जो समास लहान असेल तोच आकडा घ्या, नाहीतर ओळींची टोके कापली जातील. पान तिरके असेल तर ‘ऑटोस्ट्रेटन’ चालू करा. सगळी फाइल करण्याआधी चार-पाच पाने प्रिव्ह्यूत पाहाच. त्यांत एक तक्त्याचे आणि एक तळटिपांचे असू द्या.

तयार फाइल केबलने ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये टाका. मेलने 50 एमबीपर्यंतच जाते, स्कॅन त्याहून सहज मोठे असतात.

संदर्भ देताना किंडलवरचा पान क्रमांक घेऊ नका. एका पानाचे इथे दोन-तीन तुकडे होतात. मूळ पानावर छापलेला आकडाच लिहा.