इटालियन चित्रांतले प्राणी ओळखताना या चुका टाळा

कुत्रा म्हणजे निष्ठा, कबुतर म्हणजे पवित्र आत्मा, मोर म्हणजे अमरत्व. ही यादी मोबाईलवर उघडून चित्रापुढे उभं राहणाऱ्यांचा मला वैताग आहे. यादी खोटी नाही, पण ती हातात आली की माणूस चित्राकडे बघायचंच सोडतो. बाकीच्या बऱ्याच चुका इथूनच निघतात.

एकदा एका दिवाळी अंकासाठी आलेला लेख माझ्याकडे तपासायला दिला होता. विषय होता व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयातलं कार्पाच्चो या चित्रकाराचं चित्र, साधारण १४९० च्या दशकातलं. गच्चीत दोन बायका बसल्यात, नजर कुठेतरी हरवलेली. भोवती कबुतरं, लांडोर, पोपट आणि दोन कुत्री. लेखकाने यादी लावली होती. कबुतरं प्रेमदेवता व्हीनसची, कुत्री वासनेची, म्हणून या दोघी वेश्या आणि गिऱ्हाइकाची वाट बघतायत! अंक छपाईला निघालेला, रंगीत पान लागलेलं. फोन केला तर उत्तर आलं, "सर, सगळीकडे असंच लिहिलंय." लिहिलंय खरं. एकोणिसाव्या शतकात भले भले हेच म्हणत होते.

पण हे चित्र अर्धंच आहे. वरचा भाग लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यात व्हेनिसच्या उथळ खाडीत नावा, धनुष्यातून गोळ्या मारणारे पुरुष आणि पाणकावळे दिसतात. त्याच्या तळाशी लिलीचं एक फूल पाण्यातूनच उगवल्यासारखं दिसतं, कारण त्याचा देठ खालच्या चित्रातल्या फुलदाणीत राहिलाय. एकच फळी कुणीतरी करवतीने कापली. तुकडे जोडले की नवरे शिकारीला गेलेत आणि घरच्या बायका वाट बघून कंटाळल्यात, असं दिसतं. आता बहुतेक अभ्यासक तसंच मानतात. कबुतरं तीच, कुत्रीही तीच. लेखातले तीन परिच्छेद गेले आणि लेखक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

माझी सवय सांगतो. वहीत आधी प्राणी काय करतोय एवढंच लिहायचं. त्या चित्रातला मोठा कुत्रा बाईच्या हातातली काठी दातांत धरून ओढतोय आणि त्याच्या पंजाखाली चिठ्ठी आहे. मग चित्राच्या कडा बघायच्या. या कुत्र्याचं धड चौकटीबाहेर कापलं गेलंय, म्हणजे बाजूलाही काहीतरी होतं. अर्थ सगळ्यात शेवटी. घाईवाल्यांना हे रटाळ वाटतं. वाटू दे.

लिओनार्दोच्या चित्रातल्या चेचिलिया गाल्लेरानी या तरुणीच्या हातातल्या प्राण्याला मुंगूस म्हणू नका. तो अर्मिन, थंडीत पांढरा होणारा छोटा शिकारी प्राणी. (चित्रात जरा जास्तच थोराड काढलाय, पण तो मुद्दा वेगळा.) इथे मात्र प्रतीक चालतं, कारण पुरावा आहे. चेचिलिया ज्याची प्रेयसी होती त्या मिलानच्या सत्ताधीश लुदोविको स्फोर्झाला १४८८ मध्ये नेपल्सच्या राजाने अर्मिनचा मानाचा किताब दिला होता. शिवाय मळण्यापेक्षा हा प्राणी पकडला जाणं पत्करतो, अशी समजूत लिओनार्दोनेच टिपून ठेवलीय.

परदेशी प्राणी दिसला की "चित्रकाराची कल्पना" म्हणून मोकळं होणं ही माझी दुसरी डोकेदुखी. चित्रकार गिरलांदायोने फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये जिराफ रंगवला, कारण १४८७ मध्ये इजिप्तच्या सुलतानाकडून फ्लोरेन्सला खराखुरा जिराफ आला होता. १५१४ मध्ये पोर्तुगालच्या राजाने पोप लिओ दहावा याला भारतातून आणलेला हत्ती दिला. हान्नो त्याचं नाव. दोन वर्षांत तो मेला आणि त्याचं स्मृतिचित्र चित्रकार राफाएलकडे सोपवलं गेलं. गेंड्याची गोष्ट तर आपल्या दाराशी सुरू होते. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला. १५१५ मध्ये तो गोव्याहून लिस्बनला पोचला आणि तिथून पोपकडे जाताना १५१६ मध्ये इटलीच्या लिगुरिया किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररने गेंडा न बघता, वर्णन आणि रेखाटनावरून लाकडी ठसा कोरला आणि पाठीवर एक जादा शिंग चिकटवलं. पिसाच्या कॅथेड्रलच्या ब्राँझ दारावरचा गेंडा त्यावरूनच उतरवलाय. म्हणून इटालियन गेंड्याची पाठ आधी बघत जा.

आता भराभर. पंख असलेला सिंह संत मार्कचा. बिनपंखाचा, म्हाताऱ्याच्या पायाशी बसलेला, संत जेरोमचा. रोमच्या कांस्य लांडगीखालची जुळी बाळं (दंतकथेतले रोम्युलस आणि रेमस) पंधराव्या शतकात बसवलेली आहेत, आणि लांडगीही मध्ययुगीन असावी असं कार्बन चाचणीवरून बरेच जण मानतात. त्यामुळे "अडीच हजार वर्षांपूर्वीचं शिल्प" असं ठोकून देऊ नका. मोर दिसला म्हणून पाऊस आणि सरस्वती तिकडे नेऊ नका.

आणि दोन संत अँथनींची खिचडी नको. डुक्कर आणि घंटा असेल तर तो मठाधिपती अँथनी, सण १७ जानेवारीला. त्या रात्री गोठ्यातली जनावरं माणसांसारखी बोलतात आणि ते ऐकणं अशुभ, अशी इटलीच्या खेड्यांतली समजूत आहे. रिमिनीत माशांना प्रवचन देणारा तो पादुआचा अँथनी, सण १३ जूनला. गोव्यात शिवोलीच्या चर्चमध्ये आहे तो हाच. तिथे त्याच्या हातात दोरीने बांधलेला साप आहे. तो साप स्थानिक आख्यायिकेतला, इटलीत शोधत बसू नका.